जुने एसी काढण्याआधी रात्री स्लॅबला हात लावून बघा

तुमचं पत्र वाचलं. आधी तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही तपासता येईल. नागपुरात प्रतापनगर भागात 1998 सालचं दुमजली घर. वर दोन बेडरूम आणि पाहुण्यांची खोली, खाली आईबाबांची खोली आणि हॉल. वरच्या दोन बेडरूममध्ये दीड टनाचे जुने स्प्लिट, पाहुण्यांच्या खोलीत दीड टनाचा विंडो, बाबांच्या खोलीत एक टनाचा विंडो, आणि हॉलला मोठा कूलर. चारही एसी आर-22 गॅसचे. मे महिन्यात वरच्या खोल्या रात्री अकरापर्यंत गार होत नाहीत. डिसेंबरात आईचे गुडघे आखडतात म्हणून 2000 वॉटचा हीटर रात्रभर चालतो. एका विक्रेत्याने सगळ्या घराला मिळून एकच व्हीआरएफ (बाहेर एकच मोठं युनिट आणि त्यावर सगळ्या खोल्या) सुचवलाय, दुसरा म्हणतो की दीडच्या जागी दोन टन लावा, प्रश्न मिटला.

मी सत्तावीस वर्षं नागपुरात याच कामात आहे. दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा असं मी म्हणेन. दोघांनीही मशीन किती मोठं हवं ते सांगितलं, पण तुमच्या घरात उष्णता कुठून येते हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

तुम्ही लिहिलंय, "खोली रात्री अकरापर्यंत गार होत नाही." या वाक्यात अर्धं निदान आहे. एसी दमला असता तर खोली दुपारी तीनला सगळ्यात जास्त तापली असती. तुमची खोली रात्री तापते, म्हणजे तिला स्लॅब तापवतोय. दिवसभर गच्चीवर पडलेलं ऊन काँक्रीटमध्ये मुरतं आणि चार-सहा तासांनी आत उतरतं. तुमच्यासारख्याच एका घरात मागच्या वर्षी मेअखेरच्या नवतप्यात मी रात्री साडेनऊला गेलो होतो. स्टुलावर चढून छताला तळहात टेकवला, तर तव्यावरून नुकतीच पोळी उतरवावी तशी ऊब. थर्मामीटरवर छत 41 अंश, आणि त्याच खोलीतला एसी 18 वर लावलेला. घरच्या वहिनी म्हणाल्या, "गॅस कमी झाला असेल ना?" गॅस अगदी बरोबर होता. एसी बिचारा खोलीशी नाही, डोक्यावरच्या भट्टीशी झुंजत होता. तुम्हीही उद्या रात्री नऊनंतर वरच्या खोलीच्या छताला हात लावा, मग खालच्या खोलीच्या छताला. फरक हाताला कळेल.

आता थोडा हिशेब मांडतो, कारण त्याशिवाय टनाच्या गोष्टीला अर्थ नाही. एक टन म्हणजे दर तासाला 12,000 बीटीयू (उष्णता मोजायचं एक इंग्रजी माप), वॉटमध्ये सुमारे 3,500. (हे माप बर्फाच्या जमान्यातलं आहे: एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो तेवढी.) तुमची वरची बेडरूम 12 बाय 14 फूट, म्हणजे 168 चौरस फूट धरतो. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून मे महिन्याच्या उन्हात या एका खोलीत 1,600-1,700 वॉट उष्णता येते. जवळपास अर्धा टन नुसता छतातून! पश्चिमेच्या नऊ इंची भिंतीतून 400-450 वॉट, पश्चिमेच्या खिडकीवर थेट ऊन असेल तर 600-700. दोन माणसं मिळून अडीचशे, पंखा आणि टीव्ही दीडशेच्या वर, फटींतून येणारी गरम हवा तेवढीच. हे सगळं एकाच वेळी शिगेला पोचत नाही, तरी बेरीज एक टनाच्या आसपास येते. आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा असा आहे, जो मशीन न बदलता कमी करता येतो.

म्हणून पहिलं काम गच्चीवर. वॉटरप्रूफिंग आधी तपासून घ्या, ओल असेल तर ती दुरुस्त करा, आणि त्यावर चांगल्या प्रतीचा पांढरा, ऊन परतवणारा लेप दोन हात द्या. नुसत्या या लेपाने छतातून येणारी उष्णता माझ्या अनुभवात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरते. पांढऱ्या चायना मोझॅकनेही (फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी) तेच होतं आणि ते जास्त टिकतं, फक्त त्याचा भार स्लॅबवर येतो हे लक्षात घ्या. लेप दरवर्षी धुवावा लागतो. नागपूरची धूळ बसली की पांढऱ्याचा करडा होतो आणि निम्मा गुण जातो. पैसे असतील तर वॉटरप्रूफिंगवर दोन इंची एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा टणक फोम) टाकून वर कोबा करून घ्या. मग त्या खोलीत 1,700 वॉटच्या जागी 300 च्या आसपास येतील. मला विचाराल तर चार नवे एसी घेण्यापेक्षा तीन घ्या आणि उरलेले पैसे गच्चीवर घाला. खोलीच्या आतून पीओपीचं छत करून मात्र फारसं काही साधत नाही. स्लॅब तापलेलाच राहतो, फक्त दिसत नाही.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा बांबूची चीक सोडा. ऊन काचेतून आत आलं की ते आतच राहतं, पडदा त्याला परत पाठवू शकत नाही. आपले आजी-आजोबा खिडकीबाहेर वाळ्याची ताटी बांधून पाणी शिंपडायचे, ते याच कारणाने बाहेर.

आता टनाकडे येऊ. दोन टनांचा सल्ला मला का पटत नाही? जरुरीपेक्षा मोठा एसी खोली पटकन गार करतो आणि बंद पडतो किंवा अगदी मंद होतो. हवेतला दमटपणा काढायला मशीन सलग चालावं लागतं. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी असते, तेव्हा हे जाणवत नाही. पण तुमचा एसी फक्त मेमध्ये चालत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट रात्री हाच दोन टनांचा एसी खोली 24 अंश करतो आणि तरीही चादर ओलसर लागते, अंग चिकचिकतं. मग माणूस रिमोट 20 वर नेतो, बिल वाढतं, सकाळी घसा धरतो.

तरीही नागपुरात एक टन म्हणजे पुण्यातला एक टन नव्हे, हेही खरं. मशीनवर लिहिलेली क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे 23 मे 2013 रोजी पारा 47.9 वर गेला होता. 45 तर बहुतेक उन्हाळ्यांत होतातच. एवढ्या उन्हात बाहेरचं युनिट पुरेशी उष्णता फेकू शकत नाही आणि मशीनची क्षमता घसरते, काहींची 15-20 टक्क्यांपर्यंत. म्हणून दुकानात विचारा, "46 अंशाला हे मशीन किती वॉट थंडावा देतं?" कंपनीच्या तांत्रिक पत्रकात हा आकडा असतो. "52 अंशापर्यंत चालतं" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. चालणं वेगळं, पूर्ण थंडावा देणं वेगळं. हा आकडा पाहूनच, गच्ची पांढरी केल्यावर तुमच्या वरच्या बेडरूमना दीड टनाचा इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) भरपूर होईल. गच्चीवर शीट टाकलीत तर एक टनाचंही चांगलं मशीन भागवेल.

व्हीआरएफबद्दल थोडक्यात. यंत्रणा उत्तम आहे, मी स्वतः दवाखान्यांत आणि कार्यालयांत बसवली आहे. पण तुमच्या घरात कधी एकच खोली चालते, कधी तीन. एका खोलीसाठी एवढं मोठं बाहेरचं युनिट चालवणं परवडत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मे महिन्यात त्याचं एक सर्किट बोर्ड गेलं की घरातल्या पाचही खोल्या एकदम बंद, आणि बोर्ड यायला आठवडा. घरात ऐंशीच्या घरातली माणसं असताना मी हा धोका पत्करणार नाही. वेगवेगळे स्प्लिट असले तर एक बिघडला तरी आईबाबांना शेजारच्या खोलीत नेता येतं.

आता एकेक खोली घेऊ. वरचे दोन्ही स्प्लिट बदला. जुना दीड टनाचा एसी चालू असताना ताशी 1.8 युनिट घेतो, आणि तुमच्यासारख्या तापलेल्या खोलीत तो सत्तर टक्के वेळ चालूच असतो. रोज आठ तास, उन्हाळ्याच्या 120 रात्री धरल्या तर एका एसीचे सुमारे 1,200 युनिट झाले. चांगला इन्व्हर्टर त्याच खोलीत सरासरी 0.7 युनिटवर राहील, म्हणजे 670 च्या आसपास. पाचशेहून जास्त युनिट वाचले, आणि तेही वरच्या दराचे. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातो, त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. बिलाची सरासरी काढून बचत मोजू नका, शेवटच्या टप्प्याचा दर घ्या.

पाहुण्यांच्या खोलीतला विंडो मात्र राहू द्या. वर्षात पंधरा रात्री चालणाऱ्या मशीनमागे वाचतील साठ-सत्तर युनिट. नव्या एसीचे पैसे त्यातून जन्मात वसूल होणार नाहीत. तो स्वतःहून दम तोडेल तेव्हा बघू.

हॉलचा कूलरही काढू नका, हे मी कळकळीने सांगतो. नागपूरच्या मेसाठी कूलरसारखं यंत्र नाही. बाहेर 44 अंश आणि हवा कोरडी असली की चांगली जाळी असलेला कूलर 26-27 अंशांची हवा देतो, आणि वीज घेतो एसीच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याएवढी. वरून बाहेरची ताजी हवा. मृग लागला की त्याचा उपयोग संपतो, कारण हवाच पाण्याने भरलेली असते. त्याची गवताची जाळी दर हंगामाला बदला किंवा हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखी जाड जाळी) लावून घ्या, टाकी आठवड्याला कोरडी करून घासा, कारण डेंग्यूचे डास स्वच्छ पाण्यातच होतात. आणि समोरची एक खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीतला कूलर अर्ध्या तासात नुसती वाफ करतो.

एक चूक मात्र घरोघरी दिसते: हॉलमध्ये कूलर चालू आणि बेडरूमचं दार उघडं ठेवून एसी चालू. हवेतून एक लिटर पाणी गाळून काढायला एसीला जवळपास 0.7 युनिटाएवढी उष्णता ओढावी लागते. कूलर तासाला कित्येक लिटर पाणी हवेत सोडतो, आणि एसी तेच पाणी गाळत बसतो. दार लावा.

आता आईबाबांची खोली. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे, आणि दोन्ही विक्रेत्यांनी तिचा उल्लेखही केलेला दिसत नाही. नागपूरची थंडी आपण हसण्यावारी नेतो, पण 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांवर उतरला होता, आणि डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा अंशांच्या रात्री नेहमीच्या. ऐंशीच्या माणसाच्या सांध्यांना ती थंडी खरी लागते. 2000 वॉटचा हीटर दोन युनिट वीज घेऊन दोन युनिटच ऊब देतो, एक कणही जास्त नाही. तोच एसी उलट चालवला, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत टाकायला लावला, की एका युनिटात तीन युनिटांच्या आसपास ऊब मिळते. आठ-दहा अंशांच्या बाहेरच्या हवेतही हे नीट चालतं. युरोपात याहून कितीतरी कडक थंडीत लोक यावरच घर गरम ठेवतात.

म्हणून खालचा एक टनाचा विंडो काढा आणि तिथे एक टनाचा हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर स्प्लिट लावा. घेताना "रिव्हर्स सायकल आहे का?" एवढं नक्की विचारा. काही मशीनमध्ये आत नुसती तापणारी कॉइल असते. ती तुमच्या हीटरसारखीच वीज खाणार. आणि गरम हवा वर जाते, म्हणून आतलं युनिट फार उंच लावू नका, साडेसहा-सात फुटांवर पुरे. हिवाळ्यात पाती पूर्ण खाली वळवा, पण झोत आईच्या अंगावर येणार नाही अशी पलंगाची जागा ठरवा. मशीन येईपर्यंत हीटर वापरा, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

आता बसवण्याविषयी. माझ्या मते मशीनच्या निवडीइतकाच भाग इथे आहे, आणि घाई नेमकी इथेच होते. आर-22 ओझोनच्या थराला बाधक म्हणून भारतात 2030 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतोय. नव्या एसीत बहुधा आर-32 असेल. त्याचा दाब आर-22 पेक्षा दीडपटीहून जास्त आणि तेलही वेगळं. म्हणून भिंतीतली जुनी तांब्याची नळी "चांगली आहे, तीच वापरू" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. नळी नवी, फ्लेअर (नळीचं जोडणीसाठी पसरवलेलं तोंड) नवा. आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या जुन्या मशीनमध्ये कोणी "आर-22 मिळत नाही, दुसरा गॅस मारतो" म्हणाला तर त्याला मशीनला हात लावू देऊ नका. आर-32 आणि प्रोपेन जळणारे गॅस आहेत, जुनं मशीन त्यांच्यासाठी बनलेलं नाही. गॅस दरवर्षी भरावा लागतो हाही गैरसमजच. यंत्रणा बंदिस्त असते. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती सापडल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

नळ्या जोडल्यावर त्यातली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढावी लागते. हे काम अर्ध्या तासाचं. बरेच कारागीर पंप आणतच नाहीत, नट जरा सैल करून मशीनमधलाच थोडा गॅस सोडतात आणि "हवा निघाली" म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी मी परगावी असताना असंच झालं. पहिला उन्हाळा छान गेला, दुसऱ्या मेमध्ये कॉम्प्रेसर जाम. तो काढून तेल भांड्यात ओतलं तर काळंभोर, आंबूस वासाचं. नळीत राहिलेल्या ओलीने तेलाचं आम्ल झालं होतं. बसवण्याच्या दिवशी स्वतः उभे राहा. पंप लावला की गेजचा काटा पूर्ण खाली जातो. पंप बंद केल्यावर तो दहा मिनिटं तिथेच थांबला पाहिजे. हळूहळू वर सरकला तर कुठेतरी गळती आहे किंवा ओल उरली आहे.

बाहेरचं युनिट उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, मागे-पुढे मोकळी हवा मिळेल असं. दोन युनिटं समोरासमोर नकोत, एकाची गरम हवा दुसरं ओढेल. ऊन लागू नये म्हणून लोक त्याला हिरवी जाळी गुंडाळतात. मी एका ठिकाणी नुसती ती जाळी कात्रीने कापून काढली आणि आतल्या झोताचा थंडावा वीस मिनिटांत वाढला. सावली हवी तर वर पत्रा टाका, तोही हातभर उंच. आणि त्यावर पाणी मारू नका. बोअरच्या पाण्याचा क्षार युनिटच्या पातळ धातूच्या पट्ट्यांवर बसला की तो निघत नाही.

1998 ची वायरिंग आहे म्हणून प्रत्येक एसीला बोर्डापासून वेगळी 4 चौरस मिमी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि खरं अर्थिंग. जुन्या प्लगची टोकं तपकिरी झाली असतील तर सॉकेट आधी बदला. मे महिन्यात रात्री दहाला व्होल्टेज मोजून ठेवा. ते कंपनीने दिलेल्या मर्यादेखाली जात असेल तरच स्टॅबिलायझर घ्या.

तारे किती आहेत यापेक्षा लेबलवरचा आयएसईईआर (हंगामभरात एका युनिट विजेत किती थंडावा मिळतो) हा आकडा वाचा. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला जुना पाच तारे नव्या तीन-चार ताऱ्यांएवढाच निघू शकतो. वरच्या बेडरूमना आणि आईबाबांच्या खोलीला जास्तीत जास्त आकड्याचं मशीन घ्या.

गच्चीचं काम जानेवारीअखेर सुरू करा, एसी फेब्रुवारीत बसवा. एप्रिलमध्ये कारागीर दिवसाला सहा-सात घरं करतात आणि व्हॅक्यूमसाठी अर्धा तास कोणाकडेच नसतो. फेब्रुवारीचं आणखी एक कारण आहे. हॉट अँड कोल्ड मशीन उन्हाळ्यात बसवलं की गरम करण्याची बाजू डिसेंबरपर्यंत कोणी चालवूनच बघत नाही. तिचा व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर तो ऐन थंडीत, आई पांघरुणात कुडकुडत असताना कळतो. फेब्रुवारीत सकाळी खोली गार असते, तेव्हा कारागीर घरात असतानाच मशीन हीटवर टाका, रिमोट 28 वर न्या आणि पंधरा मिनिटं थांबून पातीसमोर हात धरा. हवा कोमट नको, चांगली गरम लागली पाहिजे. तसं झाल्यावरच त्याच्या कागदावर सही करा.